लॉइड जॉर्ज यांचे दप्तर: एका पंतप्रधानाच्या कागदपत्रांची वाटणी

डेव्हिड लॉइड जॉर्ज २६ मार्च १९४५ रोजी वेल्समधील लानिस्टम्दुई या गावी वारले, तेव्हा त्यांच्यामागे पंचावन्न वर्षांच्या राजकारणाचे दप्तर होते. १८९० च्या पोटनिवडणुकीत अवघ्या अठरा मतांनी ते कार्नार्वन मतदारसंघातून निवडून आले होते आणि १९४५ च्या आरंभी उमरावपद स्वीकारीपर्यंत ती जागा त्यांनी सोडली नाही. दरम्यान ते व्यापारमंत्री, अर्थमंत्री, युद्धसामग्री मंत्री आणि युद्धमंत्री झाले, आणि डिसेंबर १९१६ पासून ऑक्टोबर १९२२ पर्यंत पंतप्रधान होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश राजकारणाचा क्वचितच असा एखादा प्रश्न असेल, ज्याचा कागद या माणसाच्या हाताखालून गेला नाही.

या दप्तराचे पुढे काय झाले, ते कोणाकोणाच्या हाती गेले आणि त्यामुळे इतिहासलेखनावर कोणता परिणाम झाला, हा या अभ्यासाचा विषय आहे. एखाद्या राजकारण्याची कागदपत्रे विषयानुसार किंवा महत्त्वानुसार विभागली जातात असे आपण गृहीत धरतो. येथे तसे झाले नाही. येथील विभागणी ही घरातील वाटणी होती. कोणाचा त्या माणसावर कोणता हक्क होता, यावर कोणाच्या पदरी कोणते कागद पडणार हे ठरले. राजकीय पत्रव्यवहार लंडनला गेला, घरची पत्रे अॅबरिस्टविथच्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचली, मानपत्रे व भेटवस्तू लानिस्टम्दुईच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि काही वस्तू वारसांच्या घरी राहिल्या. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी बसून लिहिलेले लॉइड जॉर्ज अपुरे ठरतात, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत त्यांची जी परस्परविरोधी चित्रे रंगवली गेली, त्यांतील बऱ्याच विरोधाचे मूळ या वाटणीत आहे, असे माझे मत आहे.

दोन घरे, दोन दप्तरे

१९११ मध्ये फ्रान्सिस स्टीव्हन्सन ही तरुण शिक्षिका लॉइड जॉर्ज यांची धाकटी मुलगी मेगन हिला शिकवण्यासाठी त्यांच्या घरी आली. १९१३ च्या आरंभापासून ती त्यांची चिटणीस आणि सहचरी झाली. पत्नी मार्गारेट यांचे मन वेल्समध्ये, क्रिकिएथला रमत असे; लंडनमध्ये आणि पुढे सरे परगण्यातील चर्ट येथील घरी फ्रान्सिस त्यांच्यासोबत असे. ही दुहेरी व्यवस्था जवळजवळ तीस वर्षे चालली. जानेवारी १९४१ मध्ये मार्गारेट वारल्या आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, लॉइड जॉर्ज यांनी फ्रान्सिसशी रीतसर विवाह केला. मुलांना हा विवाह रुचला नाही; मेगन यांचा विरोध तर अखेरपर्यंत मावळला नाही.

दप्तराची फूट नेमकी याच रेषेवर पडली. कार्यालयातील कागद लावणे, त्यांची पुडकी बांधणे, कोणते जपायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवणे हे चिटणीस म्हणून फ्रान्सिसचे काम होते आणि हे सारे कागद तिच्याच ताब्यात आले. पत्नीला आणि भावाला लिहिलेली पत्रे मात्र ज्यांना लिहिली त्यांच्या घरी, क्रिकिएथला राहिली. कागद जपणारी व्यक्ती तटस्थ नव्हती, ही गोष्ट दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडते. फ्रान्सिसच्या ताब्यातील दप्तरात घरातील मार्गारेट जवळजवळ दिसत नाहीत, आणि क्रिकिएथच्या पत्रांत फ्रान्सिसचे नाव आले तरी ते चिटणिसाचे म्हणून येते.

लॉइड जॉर्ज यांचा एक स्वभाव येथे ध्यानात घ्यावा लागतो. बोलून कामे करण्यात त्यांचा हातखंडा होता, पण पत्रांना उत्तरे देण्याचा त्यांना कंटाळा होता. त्यामुळे राजकीय दप्तरात प्रामुख्याने इतरांनी त्यांना लिहिलेली पत्रे, चिटणिसांनी तयार केलेले मसुदे, टिपणे आणि अहवाल आहेत. मंत्र्यांचा, सेनापतींचा, वृत्तपत्रमालकांचा आवाज तेथे स्पष्ट ऐकू येतो. खुद्द पंतप्रधानांचा आवाज बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अक्षरात येतो. त्यांचे स्वतःचे मोकळे लिखाण सापडते ते घरच्या पत्रांत, आणि तेही बऱ्याचदा इंग्रजी व वेल्श या दोन्ही भाषांची सरमिसळ करून लिहिलेले. वेल्श न येणाऱ्या इतिहासकाराला ही पत्रे अर्धीच वाचता येतात. लंडनमधील अभ्यासकांनी ती दीर्घकाळ दुय्यम मानली, यामागे हेही एक कारण असावे.

या पत्रांची योग्यता कळण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. विवाहापूर्वी, वकिलीची नुकतीच सुरुवात झालेली असताना, त्यांनी मार्गारेट ओवेन यांना एक पत्र लिहिले. पुढे जाणे हेच आपले सर्वोच्च ध्येय आहे, त्यासाठी प्रामाणिकपणा वगळता बाकी सर्व काही अर्पण करण्याची आपली तयारी आहे, आणि वाट अडवली तर प्रेमालाही आपल्या जगन्नाथाच्या रथाच्या चाकांखाली लोटायला आपण मागेपुढे पाहणार नाही, असा त्या पत्रातील मजकुराचा आशय आहे. पुरीच्या रथयात्रेची मिशनऱ्यांनी युरोपात पोहोचवलेली विपर्यस्त प्रतिमा वेल्सच्या एका खेड्यातील विशीतला वकील वाग्दत्त वधूला लिहिलेल्या पत्रात वापरतो, हा भाग मराठी वाचकाला विशेष वाटेल. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, ज्या महत्त्वाकांक्षेचा आरोप त्यांचे विरोधक आयुष्यभर करीत राहिले, ती त्यांनी स्वतःच्या हाताने, कोणतीही सारवासारव न करता, तिशीच्या आतच नोंदवून ठेवली होती. पत्नीने हे पत्र जपले. १९७३ मध्ये घरच्या पत्रांची निवड केनेथ मॉर्गन यांच्या संपादनाखाली छापली गेली, तेव्हा ते सर्वांच्या वाचनात आले.

धाकटा भाऊ विल्यम याला लिहिलेली पत्रे आणखी वेगळ्या मोलाची आहेत. डेव्हिड राजकारणात गेले तेव्हा क्रिकिएथची वकिली विल्यमने सांभाळली आणि संसदेत पगार नसण्याच्या काळात त्या वकिलीच्या उत्पन्नावर डेव्हिड यांचे सार्वजनिक जीवन उभे राहिले. ज्या चांभारकाम करणाऱ्या मामाने, रिचर्ड लॉइड यांनी, या पितृहीन भावंडांना वाढवले, त्यांनाही लंडनची खबर याच पत्रांतून मिळत असे. मामा फेब्रुवारी १९१७ मध्ये, भाचा पंतप्रधान झाल्यावर तीन महिन्यांच्या आत वारले. विल्यम जॉर्ज मात्र जवळजवळ एकशे दोन वर्षे जगले आणि १९६७ मध्ये वारले. एवढ्या दीर्घ आयुष्यभर ही पत्रे घरातच राहिली, आणि म्हणूनच तरुण लॉइड जॉर्ज यांचे विश्वसनीय चरित्र लिहिले जायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

कागद कोणाचे: मंत्र्याचे की सरकारचे?

१९१६ पूर्वी ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकींचे इतिवृत्त ठेवण्याची पद्धतच नव्हती. बैठकीत काय ठरले याची एकमेव नियमित नोंद म्हणजे पंतप्रधानाने राजाला पाठवलेले पत्र. लॉइड जॉर्ज यांनी सत्तेवर येताच, डिसेंबर १९१६ मध्ये, मॉरिस हँकी यांच्या हाताखाली मंत्रिमंडळ सचिवालय उभे केले आणि नोंदी ठेवण्यास सुरुवात झाली. आधुनिक ब्रिटिश शासनाचे कागद ज्या माणसामुळे निर्माण होऊ लागले, त्याच माणसाने पद सोडताना त्यांतील कितीतरी कागद आपल्यासोबत नेले, ही या प्रकरणातील सर्वांत बोलकी बाब आहे.

त्या काळी मंत्र्यांनी असे करणे रूढीला धरूनच होते. शिवाय त्यांच्या काळात डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत तात्पुरत्या खोल्या बांधून सल्लागारांचे जे खास सचिवालय बसवले होते, त्याचे स्वरूपच सरकारी आणि खासगी यांच्या सीमेवरचे होते. तेथील टिपणाला सरकारी म्हणावे की खासगी, याचे उत्तर त्या लोकांनाही सांगता आले नसते. पण १९३३ ते १९३६ या काळात लॉइड जॉर्ज यांनी महायुद्धाच्या आठवणींचे सहा खंड याच कागदांच्या आधारे प्रसिद्ध केले, तेव्हा प्रश्न तीव्र झाला. सेनापती हेग यांच्यावर, विशेषतः १९१७ च्या पॅशन्डेल मोहिमेवरून, या खंडांत जो घणाघात आहे, त्याला कागदांचा आधार होता; हेग १९२८ मध्येच वारले होते आणि ज्यांना उत्तर द्यायचे होते त्यांना सरकारी दप्तर उघडे नव्हते. ज्याच्याजवळ कागद, त्याच्याजवळ इतिहास, अशी ती परिस्थिती होती.

१९३४ मध्ये मजूर नेते जॉर्ज लान्सबरी यांचे पुत्र एडगर यांच्यावर, वडिलांच्या चरित्रात मंत्रिमंडळाचे कागद छापल्याबद्दल, सरकारी गुपितांच्या कायद्याखाली खटला होऊन दंड झाला. त्यानंतर सरकारने माजी मंत्र्यांकडे व त्यांच्या वारसांकडे मंत्रिमंडळाचे कागद परत मागितले. बहुतेकांनी ते दिले. लॉइड जॉर्ज यांनी दिले नाहीत. त्यांच्या या नकाराचे समर्थन करता येत नाही असे मला वाटते, कारण जे कागद करदात्याच्या पैशाने आणि राज्याच्या अधिकाराने तयार झाले, त्यांच्यावर कोणा एकाच्या आठवणींचा मक्ता असू नये. तरीही, हे कागद परत गेले असते तर ते पुढील तीन दशके कोणालाही पाहता आले नसते, हेही तितकेच खरे आहे. १९५८ च्या कायद्याने सार्वजनिक अभिलेख पन्नास वर्षे बंद राहत आणि १९६७ च्या दुरुस्तीने ही मुदत तीस वर्षांवर आली. तोपर्यंत महायुद्धकाळाच्या राजकारणावर जे काही लिहिले गेले, ते खासगी दप्तरांच्या बळावरच.

गिऱ्हाईक स्वतःच साक्षीदार

लॉइड जॉर्ज यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच फ्रान्सिसने हे राजकीय दप्तर लॉर्ड बीव्हरब्रुक यांना विकले. ‘डेली एक्स्प्रेस’चे मालक असलेले बीव्हरब्रुक हे नुसते धनिक संग्राहक नव्हते. डिसेंबर १९१६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अॅस्क्विथ यांना दूर करून लॉइड जॉर्ज यांना सत्तेवर आणणाऱ्या खटपटीत ते मध्यस्थ होते. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्याच लॉइड जॉर्ज यांचे सरकार पाडण्यासाठी हुजूर पक्षाचे बोनार लॉ यांना पुढे काढण्यातही त्यांचा हात होता. बोनार लॉ यांची कागदपत्रे १९२३ पासून त्यांच्याच ताब्यात होती. म्हणजे ज्या घडामोडींत ते स्वतः पात्र होते, त्या घडामोडींचे दोन्ही बाजूंचे कागद त्यांच्या कपाटात जमा झाले, आणि मग त्याच विषयांवर त्यांनी पुस्तके लिहिली. लॉइड जॉर्ज यांच्या पतनावरील त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मृत्यूच्या एकच वर्ष आधी निघाले. त्या पुस्तकाची शैली वेधक आहे, पण ते वाचताना लेखक हाच आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश आहे हे क्षणभरही विसरून चालत नाही.

फ्रान्सिसच्या विक्रीवर टीका करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. तिला कुटुंबाने आपले मानले नव्हते, आणि तिने हे दप्तर लिलावात फुंकून टाकले असते तर आज त्याचे सुटे कागद शंभर ठिकाणी विखुरलेले दिसले असते. ते एकसंध राहिले, हे तिच्या निर्णयाचे श्रेय आहे. १९६७ मध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ बीव्हरब्रुक ग्रंथालय उघडले आणि इतिहासकार ए. जे. पी. टेलर त्याचे मानद संचालक झाले. टेलर हे बीव्हरब्रुक यांचे मित्र होते, ‘एक्स्प्रेस’ समूहात लिहीत होते, त्यामुळे त्यांच्या तटस्थतेवरही शंका घेतली गेली. पण त्यांनी दारे खरोखर उघडली. तरुण संशोधकांना तेथे कागद मिळू लागले, चर्चासत्रे भरू लागली, आणि १९७१ मध्ये फ्रान्सिसची रोजनिशीही त्यांच्याच संपादनाखाली छापून आली. वृत्तपत्राची आर्थिक स्थिती खालावल्यावर १९७५ मध्ये हे ग्रंथालय बंद झाले आणि दप्तर हाउस ऑफ लॉर्ड्सच्या अभिलेख कार्यालयाकडे गेले.

या दप्तराची मांडणी आजही लॉइड जॉर्ज यांच्या कारकिर्दीची पायरीपायरीने आठवण देते. ‘ए’ माला १९०५ पर्यंतच्या साध्या खासदाराची, ‘बी’ व्यापारमंत्र्याची, ‘सी’ अर्थमंत्र्याची, ‘डी’ आणि ‘ई’ युद्धसामग्री व युद्धखात्याची, ‘एफ’ पंतप्रधानपदाची, ‘जी’ सत्ता गेल्यानंतरच्या तेवीस वर्षांची. ‘एच’मध्ये वृत्तपत्रांची कात्रणे आहेत आणि ‘आय’ ही खासगी कागदांची माला सर्वांत शेवटी येते. पदांच्या क्रमाने दप्तर लावले की माणसाचे आयुष्यही पदांच्या क्रमाने वाचले जाते. बऱ्याच चरित्रांच्या अनुक्रमणिका या मालांच्या क्रमाशी जुळतात, तो योगायोग नाही.

सप्टेंबर १९३६: एक भेट, चार नोंदी

वाटणीचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो, हे एका प्रसंगावरून पाहता येते. सप्टेंबर १९३६ मध्ये लॉइड जॉर्ज बेर्ख्तेसगाडेनला जाऊन हिटलरला भेटले. सोबत मुलगी मेगन, मुलगा ग्विलिम, जुने सहकारी टॉमस जोन्स आणि खासगी सचिव ए. जे. सिल्व्हेस्टर होते. परत आल्यावर त्यांनी ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये, म्हणजे पुढे ज्याने त्यांचे दप्तर विकत घेतले त्याच्याच पत्रात, लेख लिहिला आणि हिटलरला जर्मनीचा जॉर्ज वॉशिंग्टन म्हटले.

छापील लेख कात्रणांत मिळतो आणि तो राजकीय भूमिका म्हणून वाचला जातो. टॉमस जोन्स यांच्या रोजनिशीत या प्रवासाची एका मुत्सद्द्याच्या नजरेने केलेली नोंद आहे. सिल्व्हेस्टर लघुलिपीत निष्णात होते. मालकाचे बोलणे, लहरी, रुसवेफुगवे ते रोज टिपून ठेवीत, आणि त्यांच्या नोंदीतील लॉइड जॉर्ज हे हिटलरच्या स्वागताने भारावलेले वृद्ध गृहस्थ आहेत. शिवाय सिल्व्हेस्टर यांनी सोबत चलच्चित्राचा कॅमेरा नेला होता. त्यांनी काढलेल्या चित्रफितीत शब्द नाहीत, पण यजमानाशी चाललेल्या त्या गप्पांतील जवळीक, हसणे, हातवारे दिसतात. ही चित्रफीत आणि सिल्व्हेस्टर यांचे कागद अॅबरिस्टविथला आहेत. फक्त लंडनचे कागद वाचले तर या भेटीत व्हर्सायच्या तहाच्या अटींबद्दल पश्चात्ताप करणारा जुना मुत्सद्दी दिसतो. अॅबरिस्टविथची सामग्री पाहिली की सत्ता जाऊन चौदा वर्षे लोटलेला, कौतुकाला आसुसलेला माणूस दिसतो. दोन्ही खरे आहेत, आणि एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

वस्तू

लानिस्टम्दुईत मामाचे ‘हायगेट’ हे छोटे दगडी घर आणि त्यालगतचे संग्रहालय यांत लॉइड जॉर्ज यांच्या वस्तू मांडल्या आहेत. त्यांत नजरेत भरतात ते शहरांनी नागरिकत्वाचा मान देताना बहाल केलेले करंडक. आपल्याकडेही मानपत्र चांदीच्या करंडकातून देण्याची रीत होती, तशीच ही पद्धत: आत गुंडाळलेला सन्मानाचा कागद, बाहेर नक्षीकाम, शहराचे चिन्ह आणि तारीख. इतिहासकार अशा वस्तूंकडे सहसा पाठ फिरवतात. पण कोणत्या शहराने कोणत्या साली करंडक दिला, हे क्रमाने पाहिले तर युद्धकाळातील त्यांच्या लोकप्रियतेचा आलेख कोणत्याही अग्रलेखापेक्षा स्पष्ट उमटतो.

वारसांच्या घरी राहिलेल्या वस्तूंचे मोल काय असू शकते, हे १९९४ मध्ये कळले. १९१८ मध्ये मॉरिस एल्व्ही या दिग्दर्शकाने लॉइड जॉर्ज यांच्या जीवनावर दोन तासांहून मोठा मूकपट तयार केला होता. प्रदर्शनापूर्वीच वीस हजार पौंड रोख देऊन त्याच्या प्रती वकिलांमार्फत उचलण्यात आल्या आणि चित्रपट नाहीसा झाला. ग्विलिम यांचे पुत्र लॉर्ड टेन्बी यांच्याकडील सामानात तो शहात्तर वर्षांनी सापडला, वेल्सच्या चित्रपट अभिलेखागाराने तो दुरुस्त केला आणि १९९६ मध्ये प्रेक्षकांनी तो प्रथमच पाहिला. हयात पंतप्रधानावर इतका मोठा चित्रपट निघाला होता, हे सांगणारा हा पुरावा कोणत्याही मालेत नव्हता.

मराठी अभ्यासकासाठी

भारतमंत्री एडविन मॉन्टेग्यू यांची २० ऑगस्ट १९१७ ची घोषणा, १९१९ च्या सुधारणा, मार्च १९२२ मधील मॉन्टेग्यू यांचा राजीनामा आणि २ ऑगस्ट १९२२ रोजी लॉइड जॉर्ज यांनी सनदी सेवेला पोलादी चौकट म्हणत केलेले भाषण, या सर्वांचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने इंडिया ऑफिसच्या कागदांवरून होतो. ते स्वाभाविक आहे, पण पुरेसे नाही. मॉन्टेग्यू यांचे स्वतःचे कागद केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि ब्रिटिश लायब्ररीत विभागलेले आहेत, आणि पंतप्रधानांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार लॉइड जॉर्ज दप्तराच्या ‘एफ’ मालेत आहे. इंडिया ऑफिसच्या कागदांत धोरण दिसते; ‘एफ’ मालेत मंत्र्याच्या विनवण्या आणि तक्रारी दिसतात. तुर्कस्तानच्या प्रश्नावर भारत सरकारची तार मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध केल्यावरून मॉन्टेग्यू यांना जावे लागले. त्याआधी पंतप्रधान आणि भारतमंत्री यांचे संबंध किती ताणले गेले होते हे जाणून घ्यायचे असेल, तर तारखेवार लावलेली सरकारी धारिका बाजूला ठेवून आधी ही पत्रे वाचावीत, आणि ती पंतप्रधानांच्या चिटणिसाने जपलेली, म्हणजे मॉन्टेग्यू यांची बाजू राखण्याची गरज नसलेल्या हातांनी जपलेली आहेत, याची नोंद वहीच्या समासात करून ठेवावी.